न खेळलेली फायनल

आमच्या घरात 'कप' हा शब्द चहासाठी वापरायची सोय नव्हती. आई पेलाच म्हणायची. कारण 'कप कुठं आहे' असं कुणी सहज विचारलं, तर बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगायचे, "यंदा कानपूरला." आणि मग तो कानपूरला कसा गेला, कुणाच्या चुकीनं गेला, हे चहा निवेपर्यंत ऐकावं लागायचं.

हा कप म्हणजे देशभरातल्या संरक्षण खात्याच्या फॅक्टऱ्यांमधल्या फुटबॉलचा कप. आज तो कुणाला माहीत नाही. त्याची सुरुवात आमच्या जबलपुरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. बाबा तेव्हा नुकतेच नागपूरकडून येऊन मशीन शॉपमध्ये लागले होते. फॅक्टरी दिवसरात्र चालायची, माणसं लेथवर उभ्या उभ्या पेंगायची. तेव्हाच्या एका इंग्रज साहेबानं ठरवलं, की रविवारी दुपारी थोडा वेळ मशीनं बंद ठेवायची आणि शॉपाशॉपांत, म्हणजे खात्याखात्यांत, फुटबॉल खेळवायचा. साहेबाला माणसांची दया आली होती की त्याला नुसता फुटबॉल आवडत होता, यावर बाबांचं कधी एक मत झालं नाही. टूलरूमच्या कारागिरांनी पितळेचा कप घडवला आणि त्याला दोन कान लावले. त्यातला एक कान दुसऱ्यापेक्षा जरा खाली बसला, तो तसाच राहिला. पहिल्या फायनलला बाबा डाव्या कडेला, लेफ्ट आऊटला खेळले. त्यांचं शॉप हरलं.

पुढच्या वर्षी कटनीच्या फॅक्टरीनं संघ पाठवला, मग कानपूरनं. स्वातंत्र्यानंतर खडकी आली, निलगिरीच्या डोंगरातली फॅक्टरी आली, कलकत्त्याजवळची आली, आणि शॉपाशॉपांतला कप देशाचा झाला. दरवर्षी यजमान गाव बदलायचं. जिंकणारा संघ कप वर्षभर आपल्या गावी न्यायचा. नियम फारसे नव्हते, पण एक पक्का होता. खेळणारा माणूस खरोखर मशीनवर काम करणारा हवा, फुटबॉलसाठी म्हणून नोकरीला ठेवलेला नको. या नियमावर बाबांचा फार जीव होता. समोरच्या संघातला एखादा खेळाडू त्यांना जास्तच चपळ वाटला, तर ते मध्यंतरात त्याच्याशी हात मिळवायला जायचे आणि त्याच्या तळव्याला घट्टे आहेत का, ते बघून यायचे.

लढाईच्या धामधुमीत सुरू झालेला हा कप लढाई आली की मोडायचा, हे बाबांना लागायचं. बासष्टला चीनशी युद्ध पेटलं तेव्हा संघ कानपूरच्या स्टेशनावर उतरले आणि तिथूनच परत फिरले. पासष्टला स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. एकाहत्तरला यजमानपद जबलपूरकडे आलं तेव्हा बाबा फोरमन होते, स्पर्धेच्या कमिटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांची निवृत्ती जवळ आली होती. सीमेवर काय चाललंय हे सगळ्यांनाच दिसत होतं. बाबा रोज सकाळी रेडिओच्या बातम्या ऐकायचे आणि बंद करताना म्हणायचे, "एवढा महिना जाऊ दे बस."

मी त्या वेळी फॅक्टरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. घर रांझीच्या क्वार्टरमध्ये, घरात आम्ही तिघंच. बोर्डासमोर बसून कॉर्ड लावायच्या, काढायच्या, बाहेरगावची लाइन मागायची, हे माझं काम. दुसऱ्या फॅक्टऱ्यांच्या एक्स्चेंजमधल्या बायका आणि पुरुष मला आवाजावरून माहीत होते, तोंडं कुणाचीच पाहिली नव्हती. कलकत्त्याकडच्या फॅक्टरीत एक बाई होत्या. आवाज जरा घोगरा, मला 'बहनजी' म्हणायच्या. कामापुरतं बोलायच्या आणि लाइन सोडताना मात्र न चुकता विचारायच्या, तुमच्याकडे थंडी किती आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी संघ आले. त्यांची सोय एका शाळेत केली होती. बंगालच्या, म्हणजे कलकत्त्याजवळच्या फॅक्टरीच्या, संघाचा गोलकीपर आला तोच तापानं फणफणलेला. शाळेच्या थंडगार फरशीवर त्याला कसं ठेवायचं, म्हणून बाबा त्याला सायकल रिक्षात घालून घरी घेऊन आले. आईला म्हणाले, "दोन दिवस राहील. याला काही झालं तर म्हणतील, जबलपूरवाल्यांनीच केलं."

उंच, काटकुळा, तिशीच्या आतला माणूस. डोकं मफलरनं बांधलेलं. दारातून वाकून आत आला आणि पहिलंच वाक्य बोलला ते माफीचं, की मी उगाच त्रास देतो आहे. आईला तो 'माशीमा' म्हणू लागला, म्हणजे मावशी, आणि मला 'दीदी', जरी माझ्याहून तो मोठा होता. ताप उतरला तरी आईनं त्याला परत पाठवलं नाही. तिनं त्याच्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण केलं. तो मुकाट्यानं खायचा आणि ताट धुवायला उठायचा. मग आई त्याच्या हातातून ताट ओढून घ्यायची.

तो फार बोलायचा नाही. आम्हाला वाटलं, स्वभावच तसा असेल. मग एका दुपारी आई अंगणात मटार सोलत बसली होती, तोही समोर बसून सोलायला लागला आणि मोडक्या हिंदीत तिला सगळं सांगून मोकळा झाला. त्याची आई आणि धाकटी बहीण सीमेपलीकडे, पूर्व पाकिस्तानात, जेसोरजवळच्या गावात राहायच्या. फाळणीच्या वेळी बापानं जमीन सोडली नाही, आणि बाप गेल्यावर आईनंही नाही. दोघे भाऊ शिकायला म्हणून कलकत्त्याला आले आणि तिथंच राहिले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तिकडे सैन्य उतरलं, माणसं मारली जाऊ लागली, आणि तेव्हापासून दोघींचा काही पत्ता नव्हता. गाव जळालं एवढं कळलं होतं. मोठा भाऊ सुट्टी मिळेल तेव्हा निर्वासितांच्या छावण्यांमधून हिंडत होता. ह्यालाही हिंडायचं होतं, पण भावानंच म्हटलं होतं, की तू खेळायला जा, दोघं मिळून वेडे होण्यात काय अर्थ आहे.

संध्याकाळी बाबा आल्यावर आईनं त्यांना हे सांगितलं. बाबा बूट न काढताच खाली बसले. मग म्हणाले, "आणि हा पेनल्टी अडवून राहिला."

कारण त्याच दिवशी सकाळी सेमीफायनलमध्ये त्यानं कानपूरची पेनल्टी अडवली होती आणि बंगाल फायनलला गेला होता. दुसऱ्या बाजूनं आमच्या संघानं खडकीला हरवलं. फायनल रविवारी, जबलपूर आणि बंगाल यांच्यात. बाबांच्या तोंडावर किती दिवसांनी तकाकी आली होती. पाच-सहा वर्षांत कप जबलपूरला आला नव्हता, आणि यजमान असताना घरच्या मैदानावर फायनल खेळायला मिळणं कप देशाचा झाल्यापासून पहिल्यांदाच होत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आपल्या विमानतळांवर हल्ला झाला. शनिवारी सकाळी मी फॅक्टरीत पोहोचले तेव्हा बोर्डावरचे सगळे दिवे एकाच वेळी लागलेले होते. सगळ्या रजा रद्द, शिफ्टा लांबवलेल्या, संध्याकाळपासून ब्लॅकआऊट. बाहेरगावचे कॉल फक्त सरकारी कामाचे, तेही प्रायोरिटीनं. हरलेले संघ मिळेल त्या गाडीनं निघाले. बंगालचा संघ फायनलसाठी थांबला होता, तो अडकला. हावड्याकडे जाणाऱ्या गाड्यांत आता फौजा होत्या.

बाबा साहेबांकडे गेले. साहेब तरुण होते, त्यांच्यापुढे कामाचा डोंगर होता. त्यांनी सांगितलं, की मैदान रविवारी दुपारी थोडा वेळ मोकळं ठेवता येईल, खेळवायचं की नाही ते कमिटीनं ठरवावं. कमिटी म्हणजे बाबाच. बाकीचे दोघे तर शिफ्टवर होते.

"खेळवायचंच," बाबा घरी येऊन म्हणाले. "दोनदा राहिलं. आता नाही राहू देणार."

आईनं विचारलं, "काहून एवढा हट्ट?"

बाबा बूट चढवायला लागले. मला त्यांची भीती कळत होती. यंदा मोडला तर कप पुन्हा उभा राहणार नाही आणि आपल्या हातून मोडला असं होईल, हे त्यांच्या मनात होतं. पाहुणा ओसरीवर बसून ऐकत होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण गोष्ट कशाची चाललीय ते कळलं असावं. तो म्हणाला, "काकाबाबू, आप बोलेंगे तो हम खड़ा हो जाएगा." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मैदानाकडे निघाले. माझी शिफ्ट दुपारी संपली होती. मीही त्यांच्यामागून गेले, कारण आईनं मला डोळ्यांनी खुणावलं होतं.

मैदानावर फॅक्टरीची माणसं हवाई हल्ल्यासाठी खंदक खणत होती. एक खंदक टचलाइन ओलांडून आत आला होता. बाबांनी खणणाऱ्यांच्या मुकादमाला गाठलं आणि वाद घातला. तो मुकादमही जुना माणूस. त्यानं दोरी लावली आणि खंदक थोडा बाहेर सरकवून दिला. बाबा खूश होऊन गोलपोस्टकडे वळले. तिथं आमच्या संघाचा कॅप्टन सरावासाठी येऊन बसला होता. आदल्या रात्रीपासून सलग मशीनवर होता, आणि रविवारी पहाटे परत जायचा होता. बूट बांधता बांधता तो गोलपोस्टला टेकून झोपून गेला होता. एका पायात बूट, दुसरा हातात. तोंड उघडं. लोखंडाचा कीस अजून त्याच्या केसांत होता.

बाबा त्याच्यासमोर उभे राहिले. त्याला उठवतील असं मला वाटलं. त्यांनी उठवलं नाही. महायुद्धातल्या त्या दिवसांत ते स्वतः असेच झोपून जायचे, हे त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं. त्यांनी हळूच त्याच्या हातातला बूट काढून घेतला, खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "राहू दे. नाही खेळवायची."

मला वाटलं होतं, ते कोलमडतील. झालं उलटंच. घरी येईपर्यंत त्यांची चाल बदलली. त्यांनी आईला चहा मागितला, तो पिऊन झाल्यावर खाटेवर आडवे झाले, आणि भर दुपारी घोरायला लागले. आई दार लोटून घेत मला म्हणाली, "सुटले बाई. किती दिवस झाले, रात्री कूस बदलून राहिले होते."

बंगालची माणसं शाळेत बसून होती. दोन दिवस त्यांनी पत्ते खेळले, कपडे धुतले, मग सगळे मिळून बाबांकडे आले. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्हीही याच कामाची माणसं आहोत, आम्हाला मशीन द्या. तुमच्या पोरांना दोन तास झोपू द्या. साहेब आधी कचरले, बाहेरच्या माणसांना आत कसं घ्यायचं. मग त्यांनी कलकत्त्याला विचारायचं ठरवलं, तो कॉल मीच लावला. पलीकडच्या घोगऱ्या आवाजाच्या बाईंनी त्यांच्या साहेबांना जोडून दिलं. परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून ती माणसं आमच्या माणसांच्या शेजारी उभी राहिली. आमचा कॅप्टन आणि त्यांचा सेंटर फॉरवर्ड एकाच मशीनवर आळीपाळीनं काम करू लागले. एक झोपायचा तेव्हा दुसरा उभा. आमचा पाहुणा बाबांच्याच शॉपमध्ये होता.

आमच्या घरी कधी मासा शिजला नव्हता. एका संध्याकाळी आईनं स्वतःच विषय काढला. म्हणाली, "पोरगा वरणभात खाऊन सुकून राहिला. अंगणात सिगडी ठेवते. त्याचं भांडं वेगळं." बाबांनी आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं, पण पिशवी घेऊन बाजारात तेच गेले. त्यानं उजेड मावळायच्या आत अंगणात मासा केला. ब्लॅकआऊटमुळे नंतर सिगडी झाकावी लागायची. आई पदर नाकाला लावून दारात उभी राहिली आणि तिथूनच सांगत राहिली, मीठ घाल, जाळ कमी कर. जेवताना तो पहिल्यांदा हसला. आईला म्हणाला, की त्याची आईही अशीच लांबून हुकूम करते. 'करते' असंच म्हणाला. 

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी एक्स्चेंजमध्ये बसते हे त्याला माहीत होतं, पण त्यानं एकदाही मला कलकत्त्याला फोन लावायला सांगितलं नाही. रेडिओवर जेसोर मुक्त झाल्याची बातमी आली, शेजारीपाजारी सगळे बाहेर आले, तेव्हाही तो फक्त आत गेला आणि मफलर बांधून कामाला निघाला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, सकाळच्या शिफ्टला, कलकत्त्याचा कॉल आला. मालाच्या वॅगनींबद्दल दोन्हीकडचे साहेब बोलले. बोलणं संपल्यावर मी कॉर्ड काढणार, तेवढ्यात घोगरा आवाज आला, "बहनजी, लाइन मत छोड़िए." प्रायोरिटी लाइनवर खाजगी बोलायचं नाही, हे आम्हा दोघींनाही पाठ होतं. बाई घाईघाईत म्हणाल्या, "हमारा गोलकीपर आपके पास है न? उसका भाई आया था. माँ और बहन मिल गईं. दोनों." पुढचं काही खरखरीत बुडालं आणि लाइन गेली.

 बोर्ड सोडून जाता येत नव्हतं. मी मशीन शॉपचा नंबर लावला. तिथं नेहमीसारखा गदारोळ. कुणीतरी उचलला, मी बाबांना बोलवायला सांगितलं. बाबा आले आणि ओरडले, "काय झालं?" मीही ओरडूनच सांगितलं.  त्यांनी विचारलं, "नीट ऐकलं का तू? जिवंत म्हणाल्या?"

 बाई 'मिल गईं' म्हणाल्या होत्या. जिवंत असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. मिळाल्या म्हणजे काय मिळालं? पुढचं वाक्य खरखरीत गेलं होतं. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता सांगू का नको?" आणि मी म्हटलं, "थांबा बाबा, नका सांगू."

बाकीचा वेळ मी कशी बसले ते मला सांगता यायचं नाही. दर वेळी कलकत्त्याचा दिवा लागला की वाटायचं, त्याच बाई. दुसराच कुणीतरी पुरुष बोलायचा. त्यांची शिफ्ट बदलली होती. बाबा शॉपमध्ये त्या माणसापासून तोंड चुकवत फिरत होते. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो, पाहुणा चौथा. आईला सांगितलं नव्हतं, तरी काहीतरी आहे हे तिला कळलं.  तिनं भाकरी करपू दिली.

दुसऱ्या सकाळी मी वेळेआधी जाऊन बसले. कलकत्त्याचा कॉल आला, साहेबांचं झालं, आणि या वेळी मीच म्हटलं, "दीदी, लाइन मत छोड़िए. ज़िंदा हैं न?"

 मग बाई हसल्या. हसल्या की रडल्या, मला ठरवता आलं नाही. "अरे ज़िंदा, ज़िंदा. बनगाँव के पास कैंप में थीं. बहन के पाँव में लगा है, ठीक हो जाएगा. भाई ख़ुद देखके आया. माँ पूछती है, छोटा खाना ठीक से खाता है कि नहीं."

मी शॉपला फोन लावला. बाबाच फोनजवळ उभे होते. बहुतेक सकाळपासून तिथंच उभे होते. मी म्हटलं, "जिवंत आहेत, बाबा. दोघी." त्यांनी फोन ठेवलाही नाही, तो लोंबकळत राहिला असावा, कारण मला मशीनांचा आवाज ऐकू येत राहिला. मग त्यातला एक आवाज कमी झाला. जवळचं कुठलं तरी मशीन बंद पडलं होतं.

पुढचं बाबांनी घरी सांगितलं. त्या आवाजात पाहुण्याला ओरडून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी त्याचं मशीन बंद केलं. लढाईच्या दिवसांत चालू मशीन बंद करणारा फोरमन म्हणून त्यांना कुणी बोललं असतं, पण कुणी बोललं नाही. त्यानं आधी मशीनकडे पाहिलं, आपल्या हातून काही बिघडलं असं त्याला वाटलं. बाबा त्याच्या कानाशी वाकून बोलले. तो हात पुसायची चिंधी घेऊन हात पुसत राहिला, एकेक बोट, पुन्हा पुन्हा. मग म्हणाला, "दोनों?"

"दोनों, बेटा."

तो तिथंच मशीनच्या पायथ्याशी बसला. आमचा कॅप्टन आपलं काम सोडून आला आणि त्याच्या शेजारी बसला. कुणीतरी चहा आणला. बाबांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि तो बसून होता तेवढा वेळ स्वतः त्याच्या जागी उभे राहिले. त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाह्या तेलानं माखल्या होत्या. फोरमन झाल्यापासून तसं कधी झालं नव्हतं. आईनं ते पाहिलं, आत गेली, आणि शिरा करायला घेतला. रवा भाजताना ती रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं.

लढाई संपली. ढाक्याच्या शरणागतीची बातमी आली त्या संध्याकाळी रांझीत माणसांनी खिडक्यांचे काळे कागद ओरबाडून काढले. फटाके नव्हते म्हणून थाळ्या वाजवल्या. बंगालच्या संघाला अजून गाडीत जागा मिळायची होती. त्यानंतरच्या रविवारी दोन्हीकडचे खेळाडू बाबांकडे आले, की आता खेळू. बाबा हो म्हणाले, पण कप मैदानावर ठेवायला तयार झाले नाहीत. ही कपाची मॅच नाही, ही अशीच. आणि संघही त्यांनी मोडले. एका मशीनवर जे दोघं उभे राहिले होते, ते एका बाजूला. अर्धे बंगाली आणि अर्धे जबलपूरचे इकडे, अर्धे तिकडे. रेफ्री स्वतः बाबा.

खंदक अजून बुजवले नव्हते. चेंडू सारखा त्यात जायचा आणि मग कुणाला तरी उतरून काढावा लागायचा. आमचा पाहुणा इतका वाईट खेळला, की हा तोच पेनल्टी अडवणारा माणूस, यावर कुणी विश्वास ठेवला नसता. एक सोपा चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला. तो गोलमध्ये वाकून चेंडू उचलताना हसत होता, आणि उठल्यावरही हसत होता. आई मैदानाच्या कडेला इतर बायकांबरोबर ऊन खात बसली होती. मॅच कुणी जिंकली, ते मला खरंच आठवत नाही.

त्यानंतर कप झाला नाही. कुणी तो बंद केला असं नाही. पुढच्या वर्षी निलगिरीची पाळी होती, त्यांनी कळवलं की यंदा जमत नाही, पुढं बघू. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही. काही फॅक्टऱ्या आता चांगले खेळाडू हेरून त्यांना नोकरी देऊ लागल्या होत्या आणि त्यांना मोठ्या स्पर्धांत उतरायचं होतं. मशीनवर उभं राहणारा माणूसच हवा, असा जुना नियम असलेल्या कपाशी त्यांना कर्तव्य उरलं नव्हतं. जुन्या कमिटीतले लोक एकेक करून निवृत्त झाले. त्या फायनलसाठी आलेला कप आमच्याच फॅक्टरीच्या क्लबात काचेच्या कपाटात राहिला, दोन कान तसेच वरखाली. आम्हाला धास्ती होती, की बाबा हे मनाला लावून घेतील. पण निवृत्तीनंतर त्यांना कुणी कपाबद्दल विचारलं, तर ते सगळा इतिहास मजेत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "झालं ते बरंच झालं. मोडायचा तर असाच मोडावा, सगळी माणसं शाबूत असताना."

दोन-तीन वर्षांनी आमचा पाहुणा आला, आईला आणि बहिणीला घेऊन. नर्मदेचं दर्शन हे निमित्त. बहीण जराशी लंगडत चालायची. त्याची आई ठेंगणी, पांढरी साडी, डोळे एकसारखे मुलाच्या ताटाकडे. आम्ही सगळे भेडाघाटला गेलो. नावेत बसायची वेळ आली तेव्हा त्याची आई काठावरच थांबली. मान हलवून नको म्हणाली. गाव सोडून पळताना नदी ओलांडली तेव्हाचं काहीतरी तिच्या मनात असणार, बहिणीनं तिचा हात धरला आणि मग सोडला. कुणी आग्रह केला नाही. तेवढ्यात माझी आई म्हणाली, तिलाही नावेत चक्कर येते, ती पण नाही येत. आईला नावेत चक्कर येताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती दर संक्रांतीला हौसेनं नावेत बसायची.

आम्ही संगमरवराच्या कड्यांमधून फिरून परत आलो, तर दोघी पायरीवर उन्हात पेरू खात बसल्या होत्या. त्याची आई बंगालीत काहीतरी लांबलचक सांगत होती आणि आई 'हो का' म्हणत होती. परतीच्या बसमध्ये बाबांनी आईला विचारलं, काय सांगून राहिली होती ती एवढं.

आई म्हणाली, "मला कुठं समजते तिचं? पण सांगत होती. मग मी बसली ऐकत."

मग तिनं पिशवी उघडली, उरलेले पेरू काढले आणि मागच्या सीटवर बसलेल्या तिघांना एकेक दिला.